कोर्ट बंद असलं तरी अपघाताची केस थांबू द्यायची नाही: पुण्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

मी शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपण सगळे ज्याला एमएसीटी म्हणतो तिथे, भरपाई मागणाऱ्या अर्जदारांच्या बाजूने वकील म्हणून काम करते. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा पहिल्या आठवड्यातच फोन सुरू झाले, मॅडम आता आमच्या केसचं काय. तेव्हापासून मे महिन्याची सुट्टी आली, दिवाळीची आली, की हेच फोन येतात. समोरच्या माणसाच्या पायात सळी असते, घरात कमावणारा गेलेला असतो, आणि त्याला वाटतं की कोर्टाला कुलूप म्हणजे आपलं सगळंच थांबलं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगताना काहीतरी राहून जातं आणि जे राहतं तेच नेमकं महत्त्वाचं असतं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

कोर्ट बंद म्हणजे माझी केस पण बंद का?

नाही. बंद होते ती तारीख. केस म्हणजे कागद, पुरावा, डॉक्टरचं मत, कमाईचा हिशोब, इन्शुरन्स कंपनीशी बोलणं, आणि यातलं जवळपास सगळं कोर्टाच्या बाहेरच होतं. मी इतकी वर्षं बघतेय, क्लेम कमी मंजूर होतो तो बहुतेक वेळा कोर्टात काही बिघडलं म्हणून नाही, तर अपघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यात जो कागद गोळा करायचा होता तो केला नाही म्हणून. आणि त्या सहा महिन्यात कोर्ट उघडं होतं का बंद याने काहीच फरक पडत नाही.

मग सुट्टीत नेमकं काय बंद असतं आणि काय चालू?

साक्षी, युक्तिवाद, निकाल हे नेहमीचं काम थांबतं. अर्जंट कामासाठी व्हेकेशन जज असतात. ई-फायलिंग म्हणजे ऑनलाईन अर्ज दाखल करणं चालू असतं, ई-कोर्ट्सचं ॲप चालू असतं, पोलीस स्टेशन, हॉस्पिटल, इन्शुरन्स कंपनीचं क्लेम खातं, बँक सगळं चालू असतं. लॉकडाऊनमध्ये यातलंही बरंच अडलं होतं, पण ती परिस्थिती वेगळीच होती.

अजून क्लेम टाकलाच नाहीये. कोर्ट उघडल्यावर टाकला तर चालेल ना?

हा प्रश्न कोणी विचारला की मी हातातलं काम ठेवून आधी अपघाताची तारीख विचारते. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि त्यातला क्लेमचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला, त्यात कलम १६६ पोटकलम ३ प्रमाणे अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यात अर्ज दाखल करायचा असतो. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतच काढून टाकली होती त्यामुळे लोकांच्या डोक्यात अजून तेच आहे, की एमएसीटीला मुदत नसते, केव्हाही टाका. शेजारच्या काकांनी त्यांचा क्लेम तीन वर्षांनी टाकला होता हे खरं असेल, पण ते जुन्या कायद्यात. या सहा महिन्यांच्या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की फक्त मुदत गेली म्हणून अर्ज फेटाळू नका. तो दिलासा ज्यांची मुदत आधीच हुकली त्यांच्यासाठी धरा. तुमच्या हातात अजून दिवस असतील तर अंतरिम आदेशावर विसंबून बसू नका.

आता मुदतीचा शेवटचा दिवस नेमका कोर्ट बंद असताना आला तर काय, तर कायद्यात तत्त्व असं आहे की कोर्ट किंवा ऑफिस बंद असेल तर उघडेल त्या पहिल्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात, जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १० मध्ये ते आहे. पण समोरचा वकील लगेच म्हणणार की ऑफिस चालू होतं, ई-फायलिंग चालू होतं, मग बंद कुठे होतं? त्या वादात पडायचंच कशाला, आधीच टाका.

कोविडचं पण एक सांगते कारण अजूनही लोक विचारतात. सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता. ती सवलत त्या काळापुरती होती. उन्हाळी सुट्टीला, दिवाळीच्या सुट्टीला अशी सवलत आपोआप मिळत नाही.

आणि मुदत सोडा, व्याजाचा विचार करा. कलम १७१ प्रमाणे भरपाईवर व्याज मिळतं ते फार तर अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून, त्याच्या आधीचं नाही. समजा पुढे १० लाख मंजूर झाले आणि व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाचे ७० हजार, म्हणजे अर्ज पडून राहिला तर दर महिन्याला साधारण पावणेसहा हजार रुपये गेले. ज्या घरात कमावता माणूस खाटेवर आहे तिथे हा किराणा आहे.

अपघात सोलापूरजवळ झाला, आम्ही पुण्यात राहतो. कुठे टाकायचा?

पुण्यात टाकता येतो. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथे, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याकडून भरपाई मागताय तो, जिथे राहतो तिथे, यातलं तुम्हाला सोयीचं निवडा. ज्याला उठता येत नाही त्याने सोलापूरला खेपा मारायची काही गरज नाही.

ई-फायलिंग घरी बसून खरंच होतं का?

होतं. वकील त्यांच्या लॉगिनवरून करतात, स्वतः केस चालवणाऱ्यालाही नोंदणी करता येते. तुमच्याकडून लागतं ते वकीलपत्रावर सही, अर्जावर आणि प्रतिज्ञापत्रावर सही, आणि कागदांचे चांगले स्कॅन. इथेच घोळ होतो. लोक गादीवर कागद पसरून तिरका फोटो काढतात, कोपरा कापलेला, वर पंख्याची सावली, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो अजून अंधुक होतो. फोनमध्ये स्कॅनिंगचं ॲप घ्या, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात एकेक पान सरळ स्कॅन करा, सगळ्याची एक पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका, फाईल लावून घरात ठेवा, साक्षीच्या वेळी मूळच बघतात.

प्रतिज्ञापत्राला मात्र नोटरीसमोर किंवा कोर्टाच्या अधिकाऱ्यासमोर बसावं लागतं. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नोटरीला घरी किंवा हॉस्पिटलला बोलवता येतं का हे वकिलाला विचारा, बऱ्याचदा जमतं.

एफआयआर, पंचनामा वगैरे कुठून मिळवायचं? पोलीस स्टेशनला जाणारं कोणीच नाहीये.

एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर बघता येतो, जिल्हा, पोलीस स्टेशन आणि तारीख टाकून शोधा. घटनास्थळ पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, आरटीओचा गाडी तपासणी रिपोर्ट, माणूस गेला असेल तर इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा आणि पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, हे पोलिसांकडून घ्यावं लागतं.

पण इथे एक गोष्ट आहे जी बहुतेक लोकांना कोणी सांगतच नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे हे कागद न्यायाधिकरणापर्यंत आणि इन्शुरन्स कंपनीपर्यंत पोचवायची जबाबदारी पोलिसांचीच आहे. अपघातानंतर ४८ तासात पहिला अपघात अहवाल, ५० दिवसात अंतरिम अहवाल, ९० दिवसात सविस्तर अहवाल. मधे पीडिताचा म्हणून एक फॉर्म असतो, फॉर्म ६, त्यात तुमची कमाई, घरात कोण अवलंबून आहे, उपचार, खर्च सगळं भरायचं असतं. सविस्तर अहवाल मिळाल्यावर इन्शुरन्स कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने ३० दिवसात किती रक्कम देणार ते सांगायचं असतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद केसमध्ये याची अंमलबजावणी करा म्हणून सगळ्या राज्यांना निर्देश दिले. म्हणजे कायद्याने ठरवलेला रस्ता असा आहे की कोर्ट बंद असतानाही तुमची केस पोलीस स्टेशन ते इन्शुरन्स कंपनी अशी पुढे सरकत राहिली पाहिजे.

आता प्रत्यक्षात सगळीकडे तसं होतं का, तर नाही. तपास अधिकाऱ्यावर दहा गुन्हे असतात, बंदोबस्त असतो, पालखी असते, गणपती असतात. म्हणून तुमच्याकडून एक लेखी अर्ज जाऊ द्या, गुन्हा रजिस्टर नंबर टाकून, की फॉर्म ६ भरून देत आहोत, सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवावा. ईमेलने पाठवा आणि रजिस्टर पोस्टानेही पाठवा, पावती जपून ठेवा. भांडायला जाऊ नका, पण पाठपुरावा सोडू नका.

सीसीटीव्ही फुटेज नंतर कोर्टातून मागवता येईल ना?

नंतर ते नसेल. दुकानं, सोसायट्या, पेट्रोल पंप, यांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या मशीनमध्ये, थोड्या दिवसात जुन्यावर नवीन रेकॉर्ड होतं. कोर्ट उघडायची वाट बघितली तर फुटेज गेलंच समजा. अपघात झाला त्याच आठवड्यात घरातल्या कोणीतरी जाऊन, नवले पुलाचा उतार असो की हडपसरचा चौक, कुठे कुठे कॅमेरे आहेत ते बघून यावं, दुकानदाराला हात जोडून विनंती करावी आणि त्याच दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावं की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे, फुटेज जप्त करा.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा आहे, भारतीय साक्ष्य अधिनियम, त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा कोड, टाकावी लागते. याचा अर्थ फुटेज पेन ड्राईव्हवर घेताना कोणी घेतलं, कुठल्या मशीनमधून, कधी, हे लिहून ठेवा, आणि व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेली क्लिप तेवढीच हातात असेल तर मूळ कोणाकडे आहे ते शोधा.

हॉस्पिटलची बिलं आहेत सगळी. अजून काय लागणार?

आधी ती बिलं बघा. मेडिकलच्या दुकानाची, एमआरआय सेंटरची बरीच बिलं थर्मल कागदावर असतात, सहा महिन्यात शाई उडते आणि साक्षीच्या दिवशी हातात पांढरी चिठ्ठी राहते. आजच झेरॉक्स काढा, झेरॉक्स मूळ बिलाला स्टेपल करा. तारखेप्रमाणे लावा, एक वही करा, तारीख, कशाचं बिल, किती रुपये.

मग हॉस्पिटलमधून डिस्चार्ज कार्ड, इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट, एक्सरे आणि सीटीची सीडी मागून घ्या. मेडिक्लेम असेल तर मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांनी घेतलेली असतात, त्यांच्याकडून किती दिले त्याचं पत्र आणि बिलांच्या प्रती घ्या.

ज्याची बिलं नसतात तो खर्च पण असतो. कोथरूडहून ड्रेसिंगला रिक्षाने गेलात, घरी बाई ठेवली, फिजिओ घरी येतो, भावाने गावाहून येऊन दोन महिने बिनपगारी रजा टाकली. रिक्षावाला पावती देत नाही पण यूपीआयने दिले असतील तर बँक स्टेटमेंटमध्ये दिसतं. बाईकडून दर महिन्याला साध्या कागदावर लिहून सही घ्या. आणि फोटो काढा, पायाला बाहेरून लावलेली फ्रेम, टाके, वॉकर, सगळ्याचे, तारखेनिशी. काढताना वाईट वाटतं, मला माहितीये, एका मावशींनी मला सांगितलं होतं की मुलाचे तसले फोटो फोनमध्ये नकोत म्हणून मी पुसून टाकले. पण तीन वर्षांनी साक्षीला उभा राहिलेला माणूस बराच सावरलेला दिसतो आणि तेव्हा त्याने काय भोगलं ते दाखवायला दुसरं काही नसतं.

माझी सॅलरी स्लिप नाही, मी वडापावची गाडी लावते / डिलिव्हरी करतो / धुणीभांडी करते. कमाई कशी दाखवायची?

दाखवता येते, फक्त आत्ता गोळा करा. डिलिव्हरीवाल्यांनी ॲपमधले आठवड्याचे पेआउट डाउनलोड करून ठेवावेत, आयडी बंद झाला की ते दिसत नाहीत. वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड असेल तर त्या खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट, माल घेतल्याची बिलं, महापालिकेचं लायसन असेल तर ते. घरकाम करणाऱ्या ताईंनी ज्या घरी काम करत होता त्यातल्या दोन घरच्या लोकांना साक्षीला येणार का विचारून ठेवा, त्यांचं नाव पत्ता लिहून ठेवा. फक्त घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे आणि तिचं उत्पन्न धरायचं असतं हे सुप्रीम कोर्टाने अनेक निकालात म्हटलंय, त्यामुळे मी काही कमवत नाही असं कुठेही लिहून देऊ नका.

एक कळकळीची विनंती. अपघात झाल्यावर मागच्या वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न फुगवून भरायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. भरल्याची तारीख रिटर्नवरच असते, उलटतपासात पहिला प्रश्न तोच येतो आणि मग खरी कमाई सुद्धा कोणी खरी धरत नाही.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट आत्ता काढू का नंतर?

उपचार संपून हाड जुळलं, आता यापुढे फार फरक पडणार नाही असं डॉक्टर म्हणतील तेव्हा. ससूनला किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात मेडिकल बोर्डाकडून काढायचं असेल तर त्यासाठी कोर्ट चालू असण्याची काही गरज नाही, ऑनलाईन अर्ज करून नंबर लावून टाका. ज्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांचंही मत घ्या.

आता हे नीट समजून घ्या. सर्टिफिकेटवरचा आकडा आणि कोर्ट धरणार तो आकडा एकच असेल असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये सांगितलं की शरीराचं अपंगत्व किती यापेक्षा त्यामुळे कमाईची ताकद किती गेली ते बघायचं. गुडघा वाकत नाही हे क्लार्कच्या बाबतीत वेगळं आणि चाकणला उभं राहून आठ तास मशीन चालवणाऱ्याच्या बाबतीत वेगळं. म्हणून डॉक्टरांना तुमचं काम काय ते सांगा, जिने चढता का, ओझं उचलता का, उकिडवं बसावं लागतं का, आणि ते त्यांच्या कागदावर येऊ द्या.

साधारण किती मिळतील?

गणिताची पद्धत सांगते. समजा ३२ वर्षांचा माणूस, स्वतःचा धंदा, महिना १५ हजार. चाळिशीच्या आतल्या धंदेवाल्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, झाले २१ हजार, वर्षाचे २ लाख ५२ हजार. वर्षाच्या कमाईला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणतात, त्याला गुणक म्हणतात, ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे ४० लाख ३२ हजार. कमाईची ताकद २० टक्के गेली असं धरलं तर ८ लाख ६ हजार ४००. याच्यावर उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेले पगार, पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे वेगळे. गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालातला आणि पुढच्या वाढीची टक्केवारी २०१७ च्या प्रणय सेठी निकालातली. यात महिन्याची कमाई १५ ची १० धरली गेली की सगळंच खाली येतं, म्हणून वर कमाईच्या कागदांवर एवढं लिहिलं.

डॉक्टर साक्षीला येतच नाहीत. व्हिडिओवर चालतं का?

चालतं, आणि माझ्या मते डॉक्टरांच्या साक्षी व्हिडिओवरच व्हायला हव्यात. ओपीडी सोडून शिवाजीनगरला यायचं, पार्किंग शोधायचं, दोन तास बाकावर बसायचं आणि मग तारीख पडायची, कुठला सर्जन दुसऱ्यांदा येईल? राजकुमार निकालातच म्हटलंय की डॉक्टरांच्या सोयीची वेळ द्या, हवं तर कमिशन, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, पाठवून त्यांच्याकडे जाऊन साक्ष घ्या, आणि उपचाराचे कागद समोरच्याच्या संमतीने डॉक्टरांना न बोलावताच पुरावा म्हणून धरता येतात का ते बघा. व्हिडिओवर साक्ष घेता येते हे तर सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच मान्य केलंय, महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष घ्यायची होती म्हणून. मुंबई हायकोर्टाचे यासाठी नियम आहेत, वकिलाने अर्ज द्यावा लागतो.

सुट्टीचा उपयोग इथे करा. डॉक्टरांना भेटून त्यांच्या सरतपासाचं, म्हणजे आपल्या बाजूने ते जे सांगणार त्याचं, प्रतिज्ञापत्र तयार करून घ्या, मग कोर्ट उघडल्यावर उलटतपासाएवढाच वेळ लागतो.

माझी स्वतःची साक्ष व्हिडिओवर असेल तर काय काळजी घेऊ?

खोलीत एकटे बसा. शेजारी बसून कोणी हळूच उत्तर सांगितलं तर ते कॅमेऱ्यात दिसतं आणि सगळी साक्ष संशयात जाते. आधार कार्ड जवळ ठेवा. फोन हातात धरू नका, डब्याला टेकवून ठेवा, उजेड तोंडावर येऊ द्या. प्रश्न पूर्ण ऐका, आवाज तुटला तर ऐकू आलं नाही असं सरळ सांगा, अंदाजाने हो म्हणू नका. एका क्लायंटने आवाज तुटत असताना हो हो म्हणत हेल्मेट नव्हतं हे मान्य करून टाकलं होतं, त्याने हेल्मेट घातलेलं होतं, आणि ते निस्तरायला नंतर फार त्रास झाला. रेकॉर्डिंग करू नका, स्क्रीनशॉट पण नको.

आमच्याकडे रेंजच नाही.

मुळशी, वेल्ह्याकडच्या लोकांचं हे खरं दुखणं आहे. २०२० मध्ये एक ताई, नवरा अपघातात गेलेला, लहान मूल कडेवर, डोंगराच्या कडेला ठराविक दगडावर उभं राहून माझ्याशी बोलायच्या कारण रेंज तिथेच यायची. अशा वेळी साक्ष घरूनच दिली पाहिजे असं नाही. जवळच्या तालुक्याच्या कोर्टातून किंवा विधी सेवा समितीच्या ऑफिसमधून जोडून द्या अशी विनंती करता येते, तिथे मदतीला माणूस असतो. फुकट वकील हवा असेल तर बायकांना, अपंगांना, अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना, कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, १५१०० वर फोन करा.

गाडीवाला नोटीसच घेत नाही, म्हणून केस अडलीये.

त्याचा व्हॉट्सॲप नंबर, ईमेल शोधून वकिलाला द्या. मुंबई हायकोर्टाने २०१८ मध्ये एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस, निळ्या टिका दिसल्या म्हणून, बजावली असं धरलं होतं, आणि जुलै २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ईमेल आणि मेसेजिंग ॲपने बजावणीला मुभा दिली. तरी न्यायाधिकरणाची परवानगी घेऊनच करा. आणि गाडीचा इन्शुरन्स असेल तर पैसे देणार कंपनी, तिला बजावणी झाली की अर्धं काम झालं.

गाडी पळून गेली, नंबर पण नाही.

कलम १६१ ची योजना आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. यासाठी कोर्टात जायचंच नाही, अर्ज प्रांत किंवा तहसीलदार पातळीवरच्या चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. कोर्ट बंद आहे म्हणून थांबू नका.

कंपनीत कामावर असताना ट्रकने धडक दिली. दोन्हीकडे क्लेम टाकू?

नाही, कामगार भरपाईखाली किंवा मोटार वाहन कायद्याखाली, दोन्हीपैकी एकच. कुठला फायद्याचा ते आकडे मांडून ठरवा, घाईत कंपनीच्या एचआरने दिलेल्या कागदावर सही करू नका.

सुट्टीत फोनवरच तडजोड होते का?

बोलणी होतात, आणि चांगली होतात, कारण तेव्हा कंपनीच्या वकिलाला पण रोजच्या तारखांची धावपळ नसते. तुमची फाईल पूर्ण असेल तर तिची एक पीडीएफ करून वर दोन पानांचा हिशोब लावा आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला ईमेल करा. आकडा जुळला की तडजोड पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचं तडजोडीचं निवेदन, तयार करायची आणि पुढच्या लोकअदालतीत ठेवायची. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं. पैसे लवकर मिळतात, पण म्हणूनच आकडा नीट तपासून हो म्हणा. पुढचं ऑपरेशन बाकी असेल, सळी काढायची असेल, तर तो खर्च धरलाय का विचारा. घरी पैशाची ओढ आहे म्हणून अर्ध्यावर सही केलेली माणसं मी बघितलीत आणि वर्षाने ती परत येतात तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नसतं.

एक जण हॉस्पिटलमध्ये भेटला, म्हणाला कोर्ट बंद असलं तरी मी आतून करून देतो.

आतून काही होत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका, मूळ कागद देऊ नका, ओटीपी सांगू नका. इन्शुरन्स कंपनीतून बोलतोय, भरपाई मंजूर झाली, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा असा फोन आला तर ठेवून द्या, भरपाई मिळवायला आधी पैसे भरावे लागत नाहीत.

निकाल लागलाय पण पैसे अडकलेत.

२०२१ मध्ये बजाज अलियान्झ केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीने रक्कम एनईएफटी किंवा आरटीजीएसने न्यायाधिकरणाच्या खात्यात भरायची, आणि मार्च २०२५ च्या एका निकालात थेट अर्जदाराच्या खात्यात द्यायची पद्धत सुद्धा मांडली. तुमचं काम एवढंच की स्वतःच्या एकट्याच्या नावाचं, चालू असलेलं खातं, केवायसी झालेलं, नाव आधारवर आणि पासबुकवर सारखं. कितीतरी बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव वेगवेगळ्या कागदावर असतं आणि चेक तिथेच अडतो. सुट्टीत हे दुरुस्त करून घ्या. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या नावची रक्कम एफडीमध्ये राहते, शिक्षण किंवा ऑपरेशनसाठी मुदतीआधी काढायची असेल तर कारण आणि कागद जोडून अर्ज करता येतो.

पुढची तारीख कळणार कशी?

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तुमचा सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा स्वतःचा नंबर, टाका, अक्षरं आणि आकडे मिळून १६ असतात, पुण्याचा एमएचपीयू अक्षरांनी सुरू होतो. तारीख, रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, आदेश सगळं दिसतं. नंबर वकिलाकडून आजच घ्या आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा.

वकील फोन उचलत नाहीत.

सुट्टीत गावाला जातात, उचलत नाहीत कधी कधी. एक मेसेज करा ज्यात केस नंबर, तुमचं नाव आणि एकच प्रश्न असेल. पंधरा मिस्ड कॉलपेक्षा त्याला उत्तर लवकर मिळतं. आणि विचारायचं असेल तर हे विचारा, माझ्या केसमध्ये आत्ता कुठला कागद कमी आहे. ते जे सांगतील ते कोर्ट उघडायच्या आत आणून द्या.